बॉनेटवरचा गरुड

चिंचेने घासलेल्या पितळेचा आंबूस वास आला की मला एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतील बारामती आणि आमच्या शेजारच्या आबांची जुनी मोटार आठवते. त्यांच्या लेकीला सासरी बावड्यास पहिला मुलगा झाला होता. आजारातून उठलेल्या आबांनी तेवढ्यासाठी गाडी दुरुस्त करविली, परंतु बॉनेटवरचा पितळी गरुड हरवला होता आणि त्यावाचून ते निघेनात. "बोडक्या डोक्यानं व्याह्याच्या दारात जायाचं व्हय?" असे ते म्हणत. अखेर आबांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, आठवेल तसे वर्णन सांगून तांबटाकडून नवा गरुड घडवून घेतला आणि बॉनेटवर बसविला. कचेरीतील कागदांच्या नकला पारखण्यात माझा अधिकार सर्वमान्य असल्याने मला पाचारण झाले. मी गाडीसमोर उभा राहिलो. गरुडाची चोच बोथट, छाती सपाट, आणि डोळे तर नव्हतेच. "काकू, ही कोंबडी झाली," असा मी निर्णय दिला. त्या हिरमुसल्या. "त्याचं तोंड मला काय ठावं? मी कायम ह्यांच्या शेजारी बसायची. मला त्याची पाठच दिसायची." तेवढ्यात आबा काठी टेकत आले आणि स्टिअरिंगमागे बसले. काचेतून पसरलेले पंख अन् शेपटीचा बाक पाहून त्यांचे डोळे भरले. "ह्योच की गं त्यो! बस लवकर, नातू वाट बघतुया. आन् रावसाहेब, तुमी म्होरून सरा की!" दोघेही आता नाहीत. त्या प्रवासास माझे काही साहाय्य झाले असेल, तर मी वेळेवर बाजूला झालो, एवढेच.