डॉक्टरांच्या फॉर्मवरचे चौकोन

लग्नानंतर आम्ही गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो. घर मोठं मिळालं आणि माझी नोकरी सुटली. नवऱ्याने हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर मी आधी पत्ते खेळायला शिकले आणि मग मराठी टायपिंग. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेवढ्यावरून सगळ्यांचा समज झाला की मला कॉम्प्युटर येतो. तो समज मी जपून ठेवला.

तळमजल्यावर एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर पन्नाशीचे, शांत. ऐकायचा त्यांना नाद होता. सर्दी झाली म्हणून आलेल्या माणसाला ते स्वप्नं कसली पडतात ते विचारत, मग भावंडं, मग लहानपण. बाहेर काउंटरवर त्यांची बायको बसायची. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. बाकावरची माणसं घड्याळं बघायची आणि वहिनी त्या माणसांकडे.

एकदा वहिनी वर आल्या. म्हणाल्या, "एक फॉर्म करून दे. प्रश्न आणि पुढे चौकोन. बाहेर बसल्या बसल्या टिक करतील, आत गेल्यावर बडबड नको."

"सोपंय," मी म्हणाले.

सोपं नव्हतं. पहिल्यांदा मी माउसने एकेक चौकोन काढला. छान दिसत होते. मग वहिनींनी घामाबद्दलचा एक प्रश्न मध्ये घालायला सांगितला. तो घातल्यावर खालच्या सगळ्या ओळी सरकल्या, चौकोन मात्र जागच्या जागी राहिले. 'भूक लागत नाही'चा चौकोन 'एकटं राहावंसं वाटतं'पुढे जाऊन बसला. सगळे पुसून पुन्हा काढले, तर वहिनींना आणखी एक प्रश्न सुचला.

शेवटी समोरच्या बिल्डिंगमधल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, चिन्हांचा एक फॉन्ट असतो, तो लावून इंग्रजी ओ दाबायचा, चौकोन उमटतो. मी तसंच केलं. आता ओळ सरकली की चौकोनही तिच्याबरोबर सरकायचा. त्या दिवशी नवरा कामावरून आल्याबरोबर मी त्याला बोलावून ते दाखवलं. तो म्हणाला, "छान. जेवायला काय आहे?"

फ्लॉपी घेऊन वहिनी स्वतः भाईंदरला केबिन रोडवर गेल्या, तिथे झेरॉक्स स्वस्त होतं. गठ्ठा घेऊन आल्या तेव्हा मी वरचा कागद बघितला. प्रत्येक चौकोनाच्या जागी 'न' छापला होता. दुकानदाराने मदत म्हणून सगळ्या मजकुराला एकच मराठी फॉन्ट लावला होता आणि त्या फॉन्टमध्ये इंग्रजी ओचा 'न' होतो. वहिनींनी फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, दो तरह का फॉन्ट था, मैंने एक जैसा कर दिया. अच्छा लगता है ना?"

गठ्ठा टाकून द्यायला वहिनींचा जीव होईना. "न म्हणजे नाही. ज्याला नाही म्हणायचंय तो गोल करेल," त्यांनी ठरवून टाकलं.

लोकांनी गोल केले नाहीत. त्यांनी ते वाचलं. 'राग येतो न.' 'झोप मोडते न.' 'उगीच रडू येतं न.' आजवर कुठल्याही फॉर्मने त्यांच्याशी असं बोलणं काढलं नव्हतं. जुन्या भाईंदर गावातले एक आजोबा रागापुढे लिहून गेले, "येतो ना. आमचं मिठागर होतं तिथं आता लोकांच्या गाड्या हायेत, राग न्हाय येनार तर काय." जेसल पार्कच्या एका बाईंनी रडण्यापुढे लिहिलं होतं, "येतं गं." एकांनी भीतीपुढे "हो" लिहून खाली घरी न सांगण्याची विनंती केली होती. जागा अपुरी पडली की लोक कागद उलटा करून मागे लिहीत आणि वहिनींकडे आणखी कागद मागत.

डॉक्टर खूश झाले. मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुम्ही फार विचार करून शब्द निवडलेत. नुसतं 'राग येतो का' असतं तर कोणी बोललं नसतं."

मी मान हलवली. फॉन्टचं बोलले नाही.

आता एकेका रोग्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, कारण डॉक्टर आधी निबंध वाचायचे आणि मग त्यातलं काय काय ते विचारायचे. महिनाभर कळ काढून वहिनींनी माझ्याकडून फॉर्म पुन्हा करून घेतला. या वेळी मी घरच्याच प्रिंटरवर छापला. चौकोन सरळ रेषेत, कोरे, देखणे. लोक दोन मिनिटांत टिक करून मोकळे व्हायला लागले. वहिनींचा चेहरा उजळला.

माझं डोकं दुखत होतं म्हणून त्याच आठवड्यात मीही तो फॉर्म भरून आत गेले. डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली आणि 'राग येतो'पुढे मी केलेल्या खुणेवर बोट ठेवलं.

"कोणाचा येतो?" त्यांनी विचारलं.

तासाभराने मी बाहेर आले तेव्हा बाक भरला होता आणि दोघंजण जिन्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी वर येऊन वहिनींनी मला एक पाटी करायला सांगितली, जितक्या मोठ्या अक्षरात होईल तितक्या. 'थोडक्यात विचारा.' ती त्यांनी आतल्या खोलीत रोग्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावली, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येईल अशी.