वृंदाच्या फोनला काय कळलं

पाडव्याच्या आधीचा रविवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम एक हजार दोनशे नव्याण्णव. हजर — मी एकटा. फोन मात्र माझ्या बायकोचा, वृंदाचा. ती आंघोळीला गेली होती.

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय, तर आकड्यांसकट सांगतो.

माझं पोट — बेचाळीस इंच. दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यात हिशेब बघतो, दिवसभर खुर्ची. पोट आत दाबणारा बनियन मिळतो, असं ऐकलं होतं. पण तो स्वतःच्या फोनवर शोधायचा कसा? एकदा शोधलं की जाहिराती महिनाभर पाठ सोडत नाहीत. घरात हे बजावणारा मीच. शिवाय ऑफिसात माझा फोन दहा जण बघतात. म्हणून तिचा घेतला. पत्ता ऑफिसचा, नंबर माझा. चूक नव्हती ती — बेत होता. पार्सल आल्यावर तेराशे दिले आणि वरचा एक रुपया मागून घेतला.

इकडे वृंदाच्या फोनवर पोटंच पोटं. ‘पेट बाहर आ गया? लोग हँसते हैं?’ भाचीचे फोटो बघावेत, तर त्यांच्याखाली पोट. तिसऱ्या दिवशी ती फोन घेऊन माझ्यासमोर आली.

“अहो, मी इतकी सुटलेय का, की फोनलासुद्धा कळावं?”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो? माणूस किती बसतो, किती चालतो, ते फोन मोजत असतो — अगदी माहितगारासारखं म्हणालो.

पाडव्याला तिने चक्का बांधला, श्रीखंड केलं आणि चाखलंही नाही. तिची वाटी मी संपवली. मग तिचं तूप गेलं, भात गेला. करोल बागेतून चालायचे बूट आले. आरशापुढे ती बाजूने उभी राहायची, श्वास रोखून — आणि मी पेपर जरा वर धरायचो.

चार महिन्यांनी माझा वाढदिवस. जेवायला बाहेर निघालो, तोच कुरियरवाला दारात. वृंदाने माझ्यासाठी काहीतरी मागवलं होतं. माप बघून मगच पैसे द्या, म्हणाली. मी पाकीट फोडलं. तोच बनियन. तोच रंग, तेच माप.

“सारखा दिसायचा हो फोनवर. म्हटलं, मी चालते तरी. तुमच्या फोनला कळत नसेल, मला दिसतं ना.”

पहिला तेव्हा माझ्या अंगात होता, शर्टाखाली. श्वास जेमतेम येत होता. छान आहे, म्हणालो.

कुरियरवाल्याला तेराशे दिले. वरचा एक रुपया त्याने दिला नाही. मी मागितला नाही.