लाकडाची बॉडी

बहात्तर सालचा दुष्काळ सरला, हिप्परग्याचा तलाव भरला, आन् मिलच्या आमच्या मोठ्या साहेबांनी कुटनंतरी शिडाची होडी आनली. लोकं प्यायला घागर शोधायची ती सवय अजून मोडली न्हवती, आन् ह्ये पान्यावर वारा खात हिंडायचे. पन त्यांना हासायचा हक्क मला न्हाय. त्या होडीची वायरिंग म्या केली व्हती.

मी मिलच्या ट्रकांखाली उताना पडून वायरी जोडनारा मानूस. शाळंत दोन दिस गेलो. तिसऱ्या दिवशी मास्तर आला न्हाय, मंग मीबी गेलो न्हाय. ट्रकचं काम सोपं असतंय. एक वायर बॅटरीपासनं दिव्याला न्यायची. माघारी यायला वायर लागतच न्हाय. दिव्याचं दुसरं टोक गाडीच्या बॉडीला आवळायचं, करंट आपला लोखंडातनं घरी जातोय. ह्येला आमी बॉडी अर्थ म्हनतो. यवड्या एका इद्येवर माजा संसार चालला व्हता. बायकोला ताप आला तरी मी म्हनायचो, हिचं अर्थिंग ढिलं झालंय. मंग ती माजं काढायची.

साहेब म्हणाले, "दिवस बुडल्यावर परत येताना काठ दिसत नाही. दोन दिवे बसव."

होडी बघितली तर सगळी लाकडाची. म्या इचारलं, "साहेब, हिची बॉडी कुटं हाय?"

साहेब म्हणाले, "अरे, हीच की बॉडी!"

म्या मान हालवली, जसं काय लई कळलं. मंग दिसलं, दगडाला घासू नये म्हनून तळाला लांबलचक लोखंडी पट्टी मारलेली, तिचे बोल्ट आतपातूर आलेले. घावली बॉडी! सगळी टोकं बोल्टांना आवळली. दिवे लागले. त्या दिवसापासनं गल्लीत कुनी नुसतं नावानं हाक मारली की मी वळायचोच न्हाय. मिस्तरी म्हना.

पुढच्या रविवारी बॅटरी बसली, दिवे लागंनात. चार्ज केली, त्याच्या पुढच्या रविवारी परत बसली. आठवडाभर बटन बंद, दिवा लागलेला न्हाय, तरी बॅटरी थंडगार. साहेब तापले.

आता मी काय म्हनावं? माजी चूक आसंल ही गोष्ट डोक्यात आलीच न्हाय. तलावावर होडी राखायला एक म्हातारा चाचा व्हता. ईस वर्षं तितंच खोपीत ऱ्हायलेला. खोपीत खुंटीला रेडिओ. म्या साहेबांना म्हनलं, "बॅटरी आपूआप उतरत न्हाय. कुनीतरी खातंय. चाचाकडं रेडिओ हाय की."

साहेब म्हणाले, "या रविवारी बॅटरी बसली, तर चाचानं घरी जायचं."

म्या शोध लावला. होडी काठावर वढली, चार दिस उनात ठिवली. बॅटरी भरलेली ती भरलेलीच. मी छाती काढून म्हनलो, "बघा! माजं काम पक्कं हाय."

चाचा बिडी इझवून म्हनला, "वा मिस्तरी. जमीन पे रही तो मैं शरीफ, पानी में गई तो चोर. मैं एकीच आदमी हूं ना बाबा?"

शनिवारी होडी पान्यात ढकलली आन् मी आत बसलो. मला पवता येत न्हाय. एक हात डोलकाठीला, एका हातानं काम. समदी बटनं बंद केली, बॅटरीची वायर काढून परत टेकवली. चट! बारकी ठिनगी. दिवा बंद, मंग करंट चाललाय कुटं?

वाकून वायर धरत धरत गेलो. तळाला पाझरून बोटभर पानी साचलेलं. त्या पान्यात बटनाच्या अलीकडचा, बॅटरीकडचा वायरीचा जोड, बोल्टाला खेटून. काळी टेप संपली व्हती म्हनून तवा जोडाला चिंधी गुंडाळलेली. करंट भिजल्या चिंधीतनं बोल्टात आन् बोल्टातनं घरी, आठवडाभर, दिवसरात. वाळली की गप, भिजली की चालू. चिंधी सोडवली आन् वळखली. माजीच जुनी बनेल, आंगातली. बायकोनं फेकून दे म्हनलेली.

तवर साहेब काठावर आले. "काय मिस्त्री, कोण खातंय बॅटरी?"

माज्या तोंडातनं गेलं, "उंदीर असंल साहेब."

चाचा म्हनला, "हौ साब, बडा चूहा है. बनियान पेनता."

साहेबांनी माज्या हातातल्या चिंधीकडं बघितलं. मंग मला बोलावंच लागलं. "चाचानं कायबी न्हाय केलं. माज्याच जोडातनं गेली."

चाचा ऱ्हायला. म्या दिव्याला जायची एक, यायची एक, आशा दोन दोन वायरी वढल्या, पान्याच्या वर. रविवारी दोनी दिवे लागले.

होडी काठाला लागली तवा चाचानं रेडिओ आनून माज्या मांडीवर ठिवला. "खोल के देख ले." मागचं झाकन काढलं. आतले सेल फुगून फुटलेले, हिरवी बुरशी आलेली. त्यो रेडिओ वर्षभर तरी बोललेला नसंल. म्या एकदाबी कान देऊन ऐकला न्हवता.

दुसऱ्या दिशी नवीन सेल घिऊन गेलो, आतली बुरशी पुसली, सेल घातले, बटन फिरवलं. रेडिओ मुका.

चाचानं सेल काढले, उलटे करून घातले. आत कोनतरी खोकलं आन् गानं सुरू झालं.

"अब जा," चाचा म्हनला, "और इसका बॉडी नक्को ढूंड."