कडुलिंबाची वही

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मी प्रात्यक्षिकात नापास झाले. कारण एकच होतं: सलाईनची सुई लावताना हात कापायचा. पुन्हा नापास झाले असते तर घरी बसावं लागलं असतं. फुलंब्रीला घरच्यांनी तसं ठरवलंही होतं.

आमच्या मॅडमनी उपाय सांगितला. ड्युटीआधी दहा मिनिटं कॉलेजमागच्या कडुलिंबाखाली एकटीनं बसायचं. मोबाईल नको. जे दिसेल, ऐकू येईल ते वहीत लिहायचं.

पेशंटच्या तापाचे तक्ते न मोजताच एकदम बसून भरण्याची आम्हा विद्यार्थिनींची वाईट खोड होती. ही वहीही मी सकाळच्या एसटीतच भरू लागले. ‘पाने हिरवीगार, वारा मंद, मन शांत.’ आठवड्यानं मॅडमनी वही पाहिली आणि मला खिडकीशी नेलं. फेब्रुवारी संपत आला होता. झाड जवळपास बोडकं झालं होतं.

“हिरवीगार पानं कुठं दिसली गं तुला?”

त्यांनी वही माझ्या हातात दिली.

“पेशंटचा तापही असाच लिहितेस?”

दुसऱ्या दिवसापासून खरंच जाऊन बसले. पहिले तीन दिवस नुसतं घड्याळ पाहिलं. चौथ्या दिवशी खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली. डिंकाच्या थेंबापाशी ती वळसा घेत होती. ती पाहताना श्वास आपोआप लांबला. पुढच्या आठवड्यात फांद्यांना तांबूस पालवी फुटली. त्या दिवशीची नोंद दीड पान झाली.

परीक्षेत मला वाळूजच्या कंपनीत काम करणारी एक बाई पेशंट मिळाली. तिच्या हाताच्या शिरा बारीक होत्या.

“कालपासून लई टोचलंय. तू शिकाऊ हाय का?”

“व्हय, मावशी.”

“मग घाई करू नको.”

बाहेरून आलेल्या परीक्षक शेजारी उभ्या होत्या. मी बोटानं शीर चाचपली. सापडेपर्यंत थांबले. श्वास सोडला आणि सुई आत घातली. सुईच्या मागच्या भागात रक्त दिसलं; सुई शिरेत गेली होती. पहिल्याच प्रयत्नात.

“झालं?” मावशींनी विचारलं. “कळलंबी नाय!”

परीक्षकांनी वर न बघता म्हटलं, “छान. पट्टी लावा.”

व्हरांड्यात मैत्रिणीनं माझा हात धरून पाहिला. “अगं, हा तर कापतोय!”

“कापू दे,” मी म्हणाले. “पास झालाय तो.”