अकराव्या अध्यायातली घुरघुर

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात नुसता आवाज ऐकून मशीनचा बिघाड ओळखणारा माणूस म्हणून माझा दबदबा आहे. निदान माझी तशी समजूत आहे, आणि ती मोडायची हिंमत माझ्या हाताखालच्यांनी अजून केलेली नाही. म्हणून आईच्या डोळ्यांनी दगा दिला आणि श्रावणातल्या पोथीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मी जेवता जेवता जाहीर केलं, "पोथी मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून देतो. एक रविवार पुरे."

आई लग्न होऊन सातारच्या गावी आली तेव्हापासून दर श्रावणात रोज सकाळी एक अध्याय स्वतः वाचत आली आहे. जुईनगरच्या या फ्लॅटमध्ये आल्यावरही तिचा एकही श्रावण चुकला नाही. यंदा अक्षरं दिसेनाशी झाली. मोबाइलवर पोथीवाचनाचा तोटा नाही, पण एक बुवा तिच्या मते गाडी सुटल्यासारखा वाचत होता आणि दुसऱ्याच्या मागे बासरी वाजत होती. सकाळी कुणाला तरी उठवून वाचायला बसवणं तिला मान्य नव्हतं. "तुमी झोपा, माजं मी बगते," हे तिचं जुनं वाक्य. आता बघताच येत नव्हतं, आणि तिला ते फार लागलं होतं. श्रावण दोन आठवड्यांवर आला होता.

मी माइक मागवला. पहिल्या रविवारी बेडरूममध्ये बसून तीन अध्याय वाचले आणि ऐकले, तर मी विहिरीतून बोलत होतो. घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. बायको म्हणाली, "अहो, सोसायटीत वाटेल आपण दुकान टाकलंय." पुन्हा वाचलं. आता 'प' आणि 'भ' आला की फटाका फुटायचा, म्हणून माइकपुढे चहाची गाळणी बांधली. मग एक बारीक 'हूं' ऐकू आलं. लॅपटॉपचा चार्जर काढला, ते गेलं. एवढं सगळं झाल्यावर कळलं की रेकॉर्डिंग माइकवर होतच नव्हतं. लॅपटॉप आपल्या पोटातल्या माइकनेच ऐकत होता. सेटिंगमध्ये नवा माइक निवडायचा असतो, ही गोष्ट मी कारखान्यात कुणालाही सांगितलेली नाही.

त्यात आईचे नियम. हातपाय धुऊन बसायचं. पोथी पाटावर. माइक प्रथमच पोथीपुढे येतोय, तर त्याला हळदकुंकू. आणि सगळ्यात कडक नियम: "अध्याय मदीच मोडायचा न्हाय. चुकलं तर चुकलं, पर पुडं चालायचं."

"अगं आई, चुकलेला तुकडा नंतर वाचून जोडता येतो."

"ठिगळ लावलेली पोथी देवाम्होरं लावू व्हय?"

म्हणजे जगभरचे लोक ज्या सोयीवर जगतात तीच मला बंद. कुकरची शिट्टी झाली की अध्याय पुन्हा पहिल्यापासून. सातव्या अध्यायाला वरच्या मजल्यावरच्यांनी कपाट सरकवलं, पुन्हा पहिल्यापासून. पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद. घामाचा थेंब पोथीवर पडू नये म्हणून मी गळ्याला पंचा गुंडाळून देवाचं चरित्र वाचत होतो. पोथीची छपाई दाट, ओळी एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी शेवटचा अध्याय संपला तेव्हा माझ्यात उरलं होतं ते फक्त पुण्य.

हेडफोन लावून तपासायला बसलो आणि अकराव्या अध्यायात घुरघुर सापडली. पाच-सात सेकंद येते, जाते. मग मागे जाऊन पाहिलं, तर प्रत्येक अध्यायात कुठे ना कुठे होतीच. माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. फ्रिज बंद करून पाहिला. माइकची वायर बदलली. शेवटी निदान केलं: कुंकू. माइकच्या जाळीत कुंकू गेलंय. मी ब्रशने जाळी साफ केली आणि आईला विज्ञानावर एक छोटं भाषणही दिलं. तिचा चेहरा उतरला, आणि मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही, हे आज लिहिताना वाईट वाटतं.

झालेलं रेकॉर्डिंग टाकून द्यायला वेळ नव्हता. नको असलेला आवाज पुसायची एक सोय असते. घुरघुरीचा नमुना कॉम्प्युटरला दाखवला आणि सगळ्या अध्यायांतून ती उपटून काढली. माझा आवाज थोडा हंड्यातून आल्यासारखा झाला, पण स्वच्छ. आईला ऐकवायला बसलो. शाबासकी घ्यायचीच होती.

दहाएक मिनिटांनी ती म्हणाली, "माज्या वव्या कुटं गेल्या?"

"कुठल्या ओव्या?"

"तू वळी गाळतूस रं. डोळा खालच्या वळीवर घसरतुया तुजा. तुला थांबवलं तर अध्याय मोडंल, म्हून मी दाराभाईर बसून तेवडी ववी म्हनत हुते. हळूच. देवाला पोचली म्हंजी झालं."

मी मूळ रेकॉर्डिंग काढलं, हेडफोन लावले आणि आवाज पूर्ण वाढवला. घुरघुर नव्हती ती. बंद दारापलीकडे फरशीवर बसून आई मी गाळलेल्या ओव्या म्हणत होती. तेवढ्याच मी निवडून पुसल्या होत्या आणि चुका जशाच्या तशा ठेवल्या होत्या. मला माझी लाज वाटली. मशीनचं बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची आई ओळखता आली नव्हती.

"तुला पाठ आहे की सगळं," मी म्हणालो. "मग तूच म्हण, मी रेकॉर्ड करतो."

"पाट कसलं? म्होरची ववी मागची ऐकल्याबिगर येत न्हाय."

"मग मी परत वाचतो. रजा टाकतो. या वेळी एकही ओवी गळणार नाही."

"नगं," ती म्हणाली. "हाय तसंच ऱ्हाऊ दे. सगळं तूच वाचलंस तर मी काय वाचू?"

मी पोथी उघडून साफ केलेलं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि जिथे जिथे ओवी गाळली होती, तिथे तिथे अध्याय कापून एका ओवीपुरती शांतता घातली. नियम मोडतोय हे तिला सांगितलं. "तोडलं कुटं? जागा धरून ठिवलीस," ती म्हणाली.

श्रावणाच्या पहिल्या सकाळी मी बूट घालत होतो. आई आंघोळ करून पाटासमोर बसली आणि तिने चाचपून स्पीकरचं बटण दाबलं. माझा हंड्यातला आवाज सुरू झाला, बराच वेळ चालला आणि थांबला. आईने ओवी म्हटली, दाराबाहेर बसून म्हणायची तशी नाही, खणखणीत. ओवी संपल्यावरही थोडी शांतता उरली होती. तेवढा वेळ ती हात जोडून माझी वाट बघत बसली.