खिंडीत बावीस भरले

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. समोर बसलेल्या कुणी पाणी मागितलं की ती आपणहून आठवते. का, ते शेवटी येईलच.

पुण्यात तेव्हा संगणकाच्या कंपन्या नुकत्या स्थिरावत होत्या. कर्वेनगरचा भाग माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होता. तिथल्या सोसायट्यांतून या कंपन्यांत जाणारी मुलं आठवडाभर वातानुकूलित खोलीत बसायची आणि रविवारी पाठीला सॅक लावून मावळातले कडे, पठारं, धबधबे पालथे घालायला निघायची. आमचे ठाणे अंमलदार म्हणायचे, "यांचे आजोबा डोंगर उतरून पुण्यात आले, आणि ही पोरं सुट्टी काढून परत चढतात."

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी एक वयस्कर जोडपं ठाण्यात आलं. गृहस्थ सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, हातात मुलाच्या कागदपत्रांची फाइल. त्यांचा एकुलता एक मुलगा रविवारी ट्रेकला गेला होता आणि घरी परतला नव्हता. अंमलदारांनी सवयीने सांगितलं, "येईल हो. मित्राकडे राहिला असेल." त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, तो न सांगता कुठे राहत नाही. पुढच्या महिन्यात त्याला अमेरिकेला जायचंय. आपण नोंद करून घ्या."

मी मिसिंग दाखल करायला सांगितलं आणि फोटोसाठी स्वतः त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि टेबलावर व्हिसासाठी काढलेल्या फोटोंचं पाकीट. आईने त्यातला एक फोटो काढून दिला आणि बाकीचे मोजून परत ठेवले. ते व्हिसाला लागतील, असं ती म्हणाली.

ट्रेक नेणारे गृहस्थ एका शाळेत व्यायामशिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत. दुपारी ते वही घेऊनच आले. त्यांचा नियम असा, की निघताना प्रत्येकाला एक नंबर मिळायचा आणि ठरलेल्या ठिकाणी सर शिट्टी वाजवून मोजणी घ्यायचे. प्रत्येकाने ओळीने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. रांग सोडून कुणी भलतीकडे गेला तर त्याला पुढच्या ट्रेकला बंदी. बेपत्ता मुलाचा नंबर चौदा होता. उतरणीला लागण्यापूर्वी, दुपारी चारला, खिंडीत मोजणी झाली. वहीत लिहिलेलं होतं : खिंड, बावीस.

"बावीस म्हणजे बावीस," सर म्हणाले. "एकही कमी असता तर मी खाली पाऊल टाकलं नसतं."

खिंडीपासून खालचं गाव अर्ध्या तासाच्या सरळ पायवाटेवर होतं. तिथून मुलं दोन-दोन, चार-चार करून मिळेल त्या एसटीने पुण्याला आली होती. मला ते सर फार आवडले. आपल्यासारखाच शिस्तीचा माणूस, असं वाटलं. त्यांच्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. मुलगा डोंगरावरून सुखरूप उतरलेला आहे, तेव्हा जे काही झालं ते एसटीत किंवा पुण्यात, असं मी गृहीत धरलं. डोंगर ज्यांच्या हद्दीत होता त्या ग्रामीण पोलिसांच्या ठाण्याला वायरलेसवर वर्णन कळवलं, पण डोंगरावर माणसं घाला असं सांगितलं नाही. आम्ही एसटी स्टँड, ससूनचा अपघात विभाग, लॉज आणि मित्रांच्या खोल्या तपासत बसलो.

सोमवारी संध्याकाळी सहाला मी ट्रेकच्या बाकीच्या एकवीस जणांना ठाण्यात बोलावलं. घाबरलेली, कोरड्या कपड्यांतली, शिकलेली मुलं. माझा आवाज तेव्हा मोठा होता आणि मला त्याचा अभिमान होता. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "त्याच्याबरोबर शेवटी जो होता, त्याला मी शोधून काढणार. आणि त्याला सोडणार नाही." बिनगुन्ह्याच्या माणसाला या धाकाचं काही वाटत नाही, अशी माझी समजूत होती.

बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. मी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "पाणी मिळेल का, सर?" शिपायाने त्याला माठातलं पाणी दिलं. मी म्हटलं, "बस खाली." मग एकवीस जबाब झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, खिंडीत मोजणी पूर्ण भरली. सगळ्यांनी सह्या केल्या.

मंगळवारचा दिवस मी वाया घालवला. मुलाच्या कंपनीत त्याच अमेरिकेच्या जागेसाठी दुसरा एक जण अडून बसला होता, असं समजलं. त्याला आणून सात तास प्रश्न विचारले. त्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. वडील दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसून होते. मी येता-जाता त्यांना "तपास चालू आहे" म्हणत होतो आणि ते प्रत्येक वेळी उठून उभे राहत होते.

बुधवारी सकाळी खबर आली ती मंडईतून. आम्ही मुलाच्या फोटोचे कागद शहरभर लावले होते. रानभाजी विकायला आलेली एक बाई मंडईतल्या कागदाजवळ उभी राहून बघत राहिली आणि तिथल्या पोलिसाला म्हणाली, की हा आमच्या गावातनं वर गेलेला दिसतोय. त्याने तिला कर्टुल्यांच्या पाटीसकट माझ्याकडे आणलं. ती त्याच पायथ्याच्या गावची होती. रविवारी सकाळी मुलं तिच्या दारात चहा प्यायली होती. मी विचारलं, उतरताना हा दिसला का? ती म्हणाली, ते काही ध्यानात नाही. मग पाटीवरचं फडकं सारखं करत तिने सहज सांगितलं.

"आयतवारी तर शिट्ट्या लई वाजत्यात, सायेब. पुन्याची पोरं वाजवत्यात. पन ही सोमवारी बी वाजत हुती. काल दिस मावळंस्तवर वाजत हुती. आज पहाटं निघाले तवा न्हाय आली."

मी विचारलं, "मग कुणी गेलं नाही बघायला?"

"हाक दिली आसती तर गेलो आस्तो की. शिट्टीला कोन जातंय?"

ट्रेकच्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असायची. अडकलात तर ओरडून घसा बसवू नका, शिट्टी वाजवा, अशी सरांची शिकवण होती. शिकवण चुकीची नव्हती. पण डोंगरातली माणसं हाकेला धावतात, हे या बावीस जणांत कुणाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मी ग्रामीणच्या ठाण्याला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने मला माझाच कागद ऐकवला. "साहेब, आपल्या एकवीस जबाबांत तर तो उतरलाय. माणसं घालतो, पण डोंगर मोठा आहे. नेमकं कुठे बघू?" मी म्हटलं, माणसं निघू देत, जागा मी कळवतो.

तेरा आणि पंधरा नंबरला आणायला मी जीप पाठवली. तेरा नंबर ही एक मुलगी होती. मी तिला एकच प्रश्न विचारला, तू तेरा म्हटल्यावर चौदा कसं ऐकू आलं? ती म्हणाली, "सर, ॲक्च्युअली धुकं इतकं होतं की कुणीच दिसत नव्हतं. चौदा मागून आलं. म्हणजे चौदा, पंधरा लगेच आले. एका दमात."

एका दमात. त्या दोन शब्दांनी माझे डोळे उघडले. प्रशिक्षण केंद्रात सकाळच्या हजेरीला शेजारच्या खाटेवरचा मित्र झोपून राहिला की त्याचं "हजर" मी म्हणत असे. तोही माझं म्हणत असे. आवाज थोडा बदलायचा आणि लगेच आपलं म्हणायचं. दुसऱ्याची जागा भरताना माणूस घाई करतोच, मधे थांबत नाही. हा धंदा मी स्वतः केलेला होता आणि तरी दोन दिवस मी त्या वहीची पूजा करत होतो.

पंधरा नंबरला मी माझ्या खोलीत घेतलं, दार लावलं आणि खुर्ची दिली. आवाज चढवला नाही. विचारलं, "चौदा तू म्हणालास ना?"

"हो, सर."

मग तो थांबलाच नाही. खिंडीच्या अलीकडे डाव्या हाताला कड्यावरून पडणारा धबधबा होता. मित्राला त्याचा फोटो हवा होता. पाच मिनिटांत येतो, सरांना कळू देऊ नकोस, असं सांगून तो धुक्यात शिरला. सरांची शिट्टी झाली तेव्हा याने त्याची बंदी टाळायला त्याचा नंबर म्हटला. मित्र याच्यापेक्षा भराभर चालणारा. मागून येऊन पुढे निघून गेला असेल, आधीच्या एसटीत बसला असेल, असं त्याने धरलं. मी ताबडतोब जागा फोनवर कळवली आणि आम्ही जीप काढली. मागच्या सीटवर पंधरा नंबर होता, सर होते आणि वडील होते.

आम्ही पोचायच्या आधीच गावकऱ्यांनी दोर लावून त्याला वर आणलं होतं. धबधब्याच्या बाजूला निसरड्या कातळावरून तो साठ-सत्तर फूट खाली एका कपारीत पडला होता. उजवा पाय मोडलेला. पिवळा रेनकोट त्याने करवंदीच्या जाळीवर पसरून ठेवला होता, वरून दिसावा म्हणून. धुक्यात तो कुणाला दिसणार? शिट्टीची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. वडील त्याच्याजवळ बसले आणि ती दोरी सोडवू लागले. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, त्यांना जमेना. कुणी चाकू पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, मृत्यू मंगळवारी रात्री झाला असावा. पडल्यामुळे नाही, थंडी, पाऊस आणि रक्तस्रावाने. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते वैतागून म्हणाले, "अहो, दोन दिवस जिवंत होता तो. किती वेळा सांगू?"

ग्रामीणकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाली. कुठलंही कलम कुणाला लागत नव्हतं. सरांनी त्यानंतर ट्रेक नेणं सोडलं. पंधरा नंबरचा सुधारित जबाब मीच घेतला. सही करून झाल्यावर तो उठेना. मी म्हटलं, "जा आता घरी." तो खाली बघत म्हणाला, "सर, सोमवारी मी सांगायलाच उठलो होतो. तुम्ही 'काय रे' म्हणालात आणि मला दुसरं काही सुचलं नाही."

सोमवारी संध्याकाळी सहा. त्या वेळी तो मुलगा कपारीत शिट्टी वाजवत होता. ग्रामीणला फोन गेला असता तर आठच्या आत गावकरी त्याच्यापर्यंत पोचले असते. बुधवारी त्यांना तेवढाच वेळ लागला होता.

पुढे माझी अकरा वर्षं नोकरी झाली. मिसिंगच्या तक्रारीत माणसं समोर बसली की मी पहिलं वाक्य एकच बोलत असे, "कुणी काही चुकलं असेल तर ते माझ्याकडे राहील, आधी माणूस कुठे आहे ते सांगा." हाताखालच्या मुलांना ते मिळमिळीत वाटायचं. त्यांना मी कारण कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की त्या मुलाला वाचवू शकणारा एकमेव माणूस माझ्यासमोर उभा राहिला होता, आणि मी त्याला पाणी देऊन खाली बसवलं होतं.