साडूला मागे टाकणारं इंजिन

दादांच्या गाडीचं इंजिन साखळीला लटकत होतं आणि शेजारी कमरेवर हात ठेवून दादा विचारत होते, "मॅडम, आता तरी गारी साडूला मागं टाकील ना?"

महाप्याला एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. कंपनीतली नोकरी सोडून मी ते काढलं, तेव्हा बाई इंजिन काय उघडणार, अशी शंका पुष्कळांना होती. हरेश्वर दादांना नव्हती. उलव्याचे हे जुने गाववाले, दिलदार माणूस. फक्त साडूचा विषय निघाला की शाळकरी होत. साडू म्हणजे विनायकशेठ, त्यांच्या मेव्हणीचे यजमान. दोघांकडे एकाच मॉडेलची गाडी. दादांची बेसिक, शेठची टर्बो. पाम बीच रोडला शेठ मागून येत, हॉर्न देत आणि दिसेनासे होत. शिवाय घरी पोचल्यावर फोन करून विचारत, "निघालास का रं?"

"दादा, ही विका आणि टर्बोच घ्या," मी सांगून पाहिलं.

"ही प्रनालीच्या पसंतीची गारी हाय. इकनार नाय. हिच्यातूनच पोरीला मांडवात नेनार."

प्रणाली त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न तोंडावर आलं होतं. पुढे मला नाही म्हणता येईना. टर्बोचं इंजिन ह्याच गाडीत बसवायचं ठरलं.

टर्बो म्हणजे काय, ते सांगते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. पण उष्णताही जास्त. कोंबलेली हवा थंड करायला इंटरकूलर लागतो. तो बसतो अगदी पुढे, जाळीच्या मागे. त्यामुळे नुसतं इंजिन बदलून भागत नाही. गिअरबॉक्स, वायरिंग, रेडिएटर, गाडीचा मेंदू म्हणजे ईसीयू, सगळंच बदलावं लागतं. त्याआधी आरटीओची परवानगी. हे सगळं रीतसर झालं. टेस्ट ड्राइव्हला दादांनी पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. "आयला," एवढंच म्हणाले.

लग्नाला मी पैठणी नेसून गेले. गाडी फुलांनी अशी मढवली होती की नंबर प्लेट शोधावी लागत होती. पुढच्या जाळीवर थर्माकोलचा भलामोठा मोर, त्याच्यावर झेंडूचे हार.

"दादा, जाळी मोकळी करा. गाडी तिथूनच श्वास घेते."

"मॅडम, आज तुमी पावन्या. गारीचं टेन्शन नको."

वाजतगाजत चाललेल्या बेंजोपार्टीच्या मागे गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. कडक ऊन, एसी फुल, स्टिअरिंगवर दादा, मागे शालूतली प्रणाली. मी बाजूने चालत होते. अर्ध्या वाटेत गाडीने आचके दिले आणि थांबली. डॅशबोर्डवर लाल दिवा. दादांचा चेहरा पडला. दोष मोराचा आहे असं मन सांगत होतं, पण वायरिंग माझ्या हातची होती. माझंच काही चुकलं असेल तर? अख्ख्या गावासमोर?

तेवढ्यात मागच्या गाडीतून विनायकशेठ उतरले. मिशीत हसू मावत नव्हतं.

"गॅरेजमदे शिवलेली गारी ती! चल पोरी, काकाच्या गारीत बस. कंपनी फिटेड हाय. ए, तो मोर हिकडं लावा."

"शेठ, मोर नको," मी म्हटलं.

"मॅडम, नवरीची गारी न् मोराबिगर?"

मोर हलला. प्रणाली हलली. दादा बंद गाडीला टेकून उभे राहिले. त्यांच्याकडे बघवेना.

शेठची गाडी मिरवणुकीमागे रांगून आधीच तापली होती. पुढच्याच वळणावर तिनेही आचके दिले. लाल दिवा. बेंजो थांबला. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नका, पोरी काय, जायच्याच."

मुहूर्त जवळ आला होता. प्रणाली दार उघडून उतरली.

"पप्पा, चला चालत. मांडव तर दिसतोय. काका, तुमीपन या."

तिने शालू सावरला आणि एका हाताने दादांना, दुसऱ्या हाताने शेठना धरलं. बेंजो पुन्हा सुरू झाला. दोघे साडू नाचत नाचत मांडवात शिरले. अक्षता वेळेवर पडल्या.

मी मोर काढला, बोनेटं उघडली, दोन्ही गाड्या निवू दिल्या. दोन्ही चालू झाल्या. जेवताना दादा माझ्या शेजारी येऊन बसले.

"मॅडम, आधी कोनची बंद परली?"

"तुमची."

दादांनी जरा विचार केला. "पन मोर घेऊन जास्त लांब कोनची चालली?"

"तुमचीच, दादा."

"ऐकलंस का रं, विनायका!" दादा पंगतीतूनच ओरडले.

आता टर्बो बसवून द्या म्हणून कोणी गॅरेजला आलं, की मी एकच गोष्ट आधी विचारते. घरात कुणाचं लग्न आहे का?